"तुम्हीच सांगा ना": ग्लोरियाचा अर्धा तास

दरवर्षी समुपदेशनाच्या वर्गात एक दिवस असा येतो की मी फारसं बोलत नाही. खिडक्यांचे पडदे ओढून घेते, प्रोजेक्टर लावते आणि १९६४ साली अमेरिकेत चित्रित झालेली अर्ध्या तासाची एक मुलाखत मुलांना दाखवते. समोरासमोर दोन खुर्च्या. एकीत बासष्ट वर्षांचे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स, चष्मा लावलेले, किंचित पुढे झुकून बसलेले. दुसरीत ग्लोरिया. तिचं आडनाव चित्रफितीत येत नाही, म्हणून मीही ते घेत नाही.

मुलाखत संपली की वर्गातून पहिली तक्रार हमखास येते, "पण मॅडम, त्यांनी उत्तर दिलंच नाही." हे प्रकरण मी त्या तक्रारीसाठी लिहिते आहे.

ग्लोरिया तिशीतली. नुकताच घटस्फोट झालेला, मुलं तिच्याजवळ. आधी थेरपी घेतलेली, त्यामुळे या खुर्चीला ती अगदी नवखी नाही. मानसशास्त्रज्ञ एव्हरेट शोस्ट्रॉम यांची कल्पना अशी होती की एकाच व्यक्तीने तीन वेगळ्या पद्धतींच्या तीन जाणत्यांशी बोलावं आणि विद्यार्थ्यांना तो फरक डोळ्यांनी दिसावा. रॉजर्स, मग फ्रिट्झ पर्ल्स, मग अल्बर्ट एलिस. मराठी वाचकाला यांतले एलिस अधिक जवळचे, कारण डॉ. कि. मो. फडके यांनी त्यांची विवेकनिष्ठ पद्धत आपल्याकडे आणली आणि मनापासून रुजवली. रॉजर्स मात्र बऱ्याचदा पाठ्यपुस्तकातल्या तीन मुद्द्यांपुरतेच भेटतात: खरेपणा, विनाअट स्वीकार, समानुभूती (समोरच्याचं जग त्याच्या जागी उभं राहून समजून घेणं). मुलं हे तीन शब्द पाठ करून येतात. एखाद्या थरथरत्या बाईसमोर बसल्यावर त्यांचं नेमकं काय करायचं, ते पाठांतरातून कळत नाही.

रॉजर्स सुरुवातीला एवढंच सांगतात की आपल्याकडे अर्धा तास आहे, त्यातून काय निघेल मला माहीत नाही, पण काहीतरी निघेल अशी आशा आहे. तुला जे काही बोलावंसं वाटतं ते ऐकायला मला आवडेल. ग्लोरिया म्हणते की मी घाबरले आहे, पण तुम्ही हळू आवाजात बोलताय त्यामुळे जरा बरं वाटतंय, तुम्ही माझ्याशी कठोर वागाल असं वाटत नाही. त्यावर रॉजर्स "घाबरू नकोस" म्हणत नाहीत. तुझ्या आवाजातला कंप मला ऐकू येतोय, असं म्हणतात. इथे मी चित्रफीत पहिल्यांदा थांबवते. "घाबरू नकोस" हे आपल्या तोंडात बसलेलं वाक्य आहे. आपण ते प्रेमानेच म्हणतो, पण त्याचा अर्थ समोरच्याला असा पोचतो की तुझी भीती इथे नको आहे. "कंप ऐकू येतोय" म्हटलं की भीतीलाही बसायला जागा मिळते.

मग ती मुद्द्यावर येते. तिची नऊ वर्षांची मुलगी, पॅमी. मायलेकी एकमेकींशी सगळं मोकळेपणाने बोलतात, लैंगिक विषयसुद्धा. एकदा बोलता बोलता पॅमी विचारते, बाबांपासून वेगळी झाल्यावर तू कुणा पुरुषाबरोबर होतीस का? ग्लोरिया खोटं बोलते. नाही म्हणते. तेव्हापासून ते खोटं तिला टोचतं आहे. मी मुलीशी कधी खोटं बोलत नाही, तिने माझ्यावर विश्वास ठेवावा असं मला वाटतं, आणि तरी मी हे केलं. आता तुम्हीच सांगा, खरं सांगितलं तर तिच्या मनावर वाईट परिणाम होईल का?

अमेरिकेतला, साठ वर्षांपूर्वीचा प्रसंग. तपशील आपल्या घरांतले नसतील, पण "तुम्हीच सांगा ना" हे वाक्य माझ्या खोलीत रोज येतं. आपल्या भाषेत तर समोर बसलेल्या माणसाचं शास्त्रीय नावच 'सल्लार्थी' आहे. सल्ला मागायला आलेला. मला हा शब्द बरीच वर्षं खटकतो, कारण आपण काय द्यायचं ते त्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं.

रॉजर्स काय करतात? तुला काय सांगायचं याचं उत्तर मला देता आलं असतं तर किती बरं झालं असतं, असं ते म्हणतात. ग्लोरियाचा चेहरा पडतो. तुम्ही असंच म्हणणार याची मला भीती होती, ती म्हणते. पुढे एकदा ती चक्क वैतागते: तुम्ही मला माझ्याच विचारांत असं शिजत ठेवणार, मला तर अपराधीपणातून सुटायचंय. रॉजर्स यांचं त्यावरचं बोलणं हा या प्रकरणाचा कणा आहे. तुला नुसतं शिजत ठेवावं असं मला वाटत नाही, पण ही इतकी खाजगी गोष्ट आहे की तिचं उत्तर मी तुझ्या वतीने देऊच शकत नाही. तू तुझं उत्तर शोधताना मात्र मी मनापासून तुझ्यासोबत असेन. ग्लोरिया क्षणभर बघते आणि म्हणते, तुम्ही हे खरंच मनापासून बोलताय असं वाटतंय.

उत्तर न देणं आणि अंग काढून घेणं यांत तसूभर अंतर असतं, आणि ते अंतर शब्दांत नसतं. "तुमचं तुम्ही ठरवा" असं म्हणणारे डॉक्टर, वकील, नातेवाईक आपण सगळ्यांनी अनुभवले आहेत. त्यांच्या त्या तीन शब्दांनी माणूस आणखी एकटा पडतो. रॉजर्स नेमकं तेच म्हणतात आणि ग्लोरिया एकटी पडत नाही, कारण ते खुर्ची सोडत नाहीत. उत्तर तिच्याकडे राहतं, शोधण्याचे कष्ट दोघांचे होतात.

यानंतर गोष्ट हळूहळू पॅमीवरून सरकते. प्रश्न मुलीच्या मनावरच्या परिणामाचा होता. पण ग्लोरियाच्या बोलण्यात दुसरंच काहीतरी डोकावायला लागतं: लहानपणी आपल्या आईवडिलांमध्येही असे संबंध असतात हे कळलं तेव्हा तिला ते घाण वाटलं होतं, काही काळ आई नकोशी झाली होती. म्हणजे भीती अशी की पॅमीलाही मी नकोशी होईन. त्याच्याही खाली आणखी एक थर आहे: मलाच माझी ती बाजू नकोशी वाटते. मला चांगली आई व्हायचंय, आणि ही बाजू चांगल्या आईच्या चित्रात बसत नाही. रॉजर्स यांच्या सिद्धान्तात याला विसंगती म्हणतात, माणूस प्रत्यक्ष जे अनुभवतो आणि स्वतःबद्दल जे चित्र बाळगतो त्यांच्यातली फट. ती फट पडते कशी? लहानपणापासून प्रेमाला अटी लागतात. शहाण्यासारखं वागलीस तर माझी गुणाची पोर. हळूहळू त्या अटी आपल्याच आवाजात बोलायला लागतात आणि परका आवाज कुठला, आपला कुठला, हे ओळखू येईनासं होतं.

मला सगळ्यात धाडसाची वाटते ती यानंतरची जागा. रॉजर्स म्हणतात की जगणं ही फार जोखमीची गोष्ट आहे. तू खरोखर कोण आहेस हे मुलीला कळू दिलंस तर तुमच्या नात्याचीच जोखीम पत्करशील. समजूत घालणारा माणूस इथे म्हणाला असता, "मुलं समजून घेतात हो." रॉजर्स तशी हमी देत नाहीत. त्यांच्याकडे ती नाहीच, आणि नसलेली गोष्ट देऊ करणं म्हणजे खरेपणाला सोडणं. त्या जोखमीसमोर उभी राहिल्यावर ग्लोरियाला तिचं स्वतःचं काही सापडतं: खोट्याच्या आधाराने तिने मला स्वीकारलं, तर त्या स्वीकाराने मला कधीच बरं वाटणार नाही. हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

थोड्या वेळाने ती म्हणते की तुम्ही सल्ला देत नाही, पण तुला कुठल्या वाटेने जायचंय ते तुला माहीत आहे, जा, असं तुम्ही म्हणताय आणि मला पाठबळ देताय असं वाटतं. रॉजर्स हेही जसंच्या तसं घेत नाहीत. तूच मला सांगत आली आहेस की तुला काय करायचंय ते तुला ठाऊक आहे. आणि हो, माणसाला जे करायचंय त्यात त्याच्या पाठीशी उभं राहण्यावर माझा विश्वास आहे. वरवर पाहता शब्दांचा खेळ वाटेल. पण पहिल्या मांडणीत परवानगी रॉजर्सकडून येते, दुसरीत निर्णय ग्लोरियाकडून निघतो. व्यक्तिकेंद्री समुपदेशनात, म्हणजे रॉजर्स यांच्या पद्धतीत, वाढ म्हणतात ती या सरकण्याला: माझ्या वागण्याचं मोल ठरवणारी जागा बाहेरून आत येणं. मुलाखतीआधीच्या मनोगतात रॉजर्सनी हीच अपेक्षा सांगितली होती, की अनुकूल वातावरण मिळालं तर माणूस स्वतःला नाकारण्याकडून स्वीकाराकडे आणि दुसऱ्याच्या मापाकडून आपल्या मापाकडे येतो.

हे त्यांना पुस्तकातून सुचलेलं नव्हतं. १९२८ पासून बारा वर्षं ते रोचेस्टरमध्ये मुलांच्या मार्गदर्शन केंद्रात काम करत होते. तिथे एका खोडकर मुलाची आई यायची. आईने लहानपणी मुलाला झिडकारलं हेच मूळ आहे असं रॉजर्सचं निदान होतं आणि ते तिला पटवून द्यायचा त्यांनी अनेक बैठका प्रयत्न केला. नाही जमलं. शेवटी दोघांनी थांबायचं ठरवलं, हात मिळवले, बाई दारापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, तुम्ही इथे मोठ्या माणसांनाही घेता का? परत येऊन खुर्चीत बसली आणि स्वतःच्या मोडत चाललेल्या संसाराबद्दल बोलायला लागली. कुठे दुखतंय आणि कुठल्या दिशेला जायचंय हे त्या बाईलाच ठाऊक होतं. रॉजर्स ते आयुष्यभर विसरले नाहीत.

परत ग्लोरियाकडे. मनाच्या आतल्या हाकेप्रमाणे वागल्यावर कधी कधी एक भरून आल्यासारखी भावना येते, ती माझ्यासाठी स्वर्ग असते, असं ती सांगते. रॉजर्स म्हणतात, त्या क्षणी तू एकसंध असतेस, सगळी एका जागी. तिचा गळा दाटून येतो. ही भावना मला हवी तितकी मिळत नाही, ती म्हणते. आणि मग, स्वतःलाच नवल वाटावं अशा रीतीने, तिला वडील आठवतात. तुम्ही बोलताय तसं माझे वडील माझ्याशी कधी बोलू शकले नाहीत. तुम्ही माझे वडील असता तर किती बरं झालं असतं. रॉजर्स म्हणतात, तू मला फार गोड मुलगी वाटतेस. पण स्वतःच्या वडिलांशी मोकळं होता आलं नाही, ही उणीव तुला खरंच जाणवते.

यावर अभ्यासक दशकानुदशकं वाद घालत आले आहेत. मनोविश्लेषणाच्या वाटेने जाणारे म्हणतात की हे उघड उघड भावसंक्रमण होतं, म्हणजे जुन्या नात्यातली भावना समोरच्या थेरपिस्टवर वळणं, त्याचा अर्थ उलगडायला हवा होता आणि रॉजर्स त्यात वाहून गेले. रॉजर्स यांचं म्हणणं असं की मला तिच्याबद्दल जे वाटलं ते त्या खोलीतलं, त्या क्षणाचं आणि खरं होतं. माझं मत? आधी मला ते वाक्य जरा जास्त वाटायचं. आता वाटत नाही. वाक्याचा दुसरा अर्धा भाग नसता तर ते निव्वळ गोंजारणं ठरलं असतं. त्या "पण"मुळे ते तिला पुन्हा तिच्या स्वतःच्या वडिलांकडे, स्वतःच्या दुःखाकडे नेऊन सोडतात.

प्रकरण प्रामाणिकपणे मांडायचं तर पुढचंही सांगायला हवं. तिन्ही मुलाखती झाल्यावर ग्लोरियाने म्हटलं की सध्या मला पर्ल्स यांची पद्धत सगळ्यात उपयोगी पडेल. पर्ल्स यांनी तिला चांगलंच डिवचलं होतं, आणि त्यांच्यासमोर ती भांडली होती, जिवंत झाली होती. रॉजर्सच्या चाहत्यांना हे पचत नाही. पण माणसाचं त्या दिवसाचं मत ते त्याचं मत. साधारण वर्षभराने एका शिबिरात ती चित्रफीत पुन्हा पाहिल्यावर मात्र ती उसळली: पर्ल्स यांनी जे जे करायला सांगितलं ते मी का करत गेले? रॉजर्सनी हे पुढे लिहून ठेवलं आहे. तिच्या रागाचा रोख मला महत्त्वाचा वाटतो. पर्ल्स कसे वागले यापेक्षा आपण स्वतःला दुसऱ्याच्या हाती का दिलं, हे तिला झोंबलं होतं. त्याच शिबिरात तिने रॉजर्स आणि त्यांच्या पत्नी हेलन यांना विचारलं की मी तुम्हाला मनाने आईवडील मानलं तर चालेल का. त्यांनी आनंदाने होकार दिला. अर्ध्या तासाची ओळख, आणि १९७९ मध्ये ती गेली तोवर जवळजवळ पंधरा वर्षं पत्रं येत जात राहिली.

हे सगळं मला पाठ होतं. मुलांना शिकवतही होते. तरी माझ्यावर वेळ आली तेव्हा मीही "तूच सांग" म्हणत दुसऱ्याच्या दारात गेले.

बाबांना स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी ते आम्हा दोघा भावंडांना बाहेर व्हरांड्यात सांगितलं. दादा तिथेच म्हणाला, बाबांना यातलं काही कळता कामा नये. खोलीत गेले तर बाबांनी विचारलं, "रिपोर्टात काय आलं गं?" मी म्हणाले, "अल्सर आहे, बाबा. औषधांनी बरा होईल." माझा आवाज अगदी स्थिर होता, याचं मला नंतर फार वाईट वाटलं. त्यानंतर घरात दोन घरं झाली. फाइल माझ्या साड्यांखाली. फोन गच्चीवर जाऊन घ्यायचा. बाबा समोर आले की हसू आणायचं.

मी माझ्या एका समुपदेशक मैत्रिणीकडे गेले. "सांगू की नको, एवढंच सांग मला," म्हणाले. ती म्हणाली, "ठरवायचं तुलाच आहे. पण ठरेपर्यंत मी इथे आहे." मला तिचा इतका राग आला! हेच वाक्य मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांना देत आले होते आणि ते घेताना किती जड असतं ते मला त्या दिवशी कळलं.

आधी मी बाबांबद्दलच बोलले. ते खचतील, जेवण सोडतील. ती ऐकत राहिली. मग मी स्वतःला बोलायला लागले, समुपदेशक म्हणवते आणि बापाशी खोटं बोलते. जोवर हे कोरडे ओढणं चालू होतं तोवर मी तसूभरही पुढे सरकले नाही. ती एवढंच म्हणाली, "तू घाबरली होतीस त्या क्षणी." आणि मी रडले. तिसऱ्या-चौथ्या भेटीत कधीतरी तळ लागला. बाबा सगळ्यांना सांगायचे, माझी पोर सगळं निस्तरते. शाळेची फी असो, आईचं आजारपण असो. हे एक मला निस्तरता येणार नव्हतं. बाबांना खरं सांगायचं म्हणजे त्यांच्यासमोर पहिल्यांदा रिकाम्या हातांनी उभं राहायचं. ते खोटं मी त्यांच्यासाठी बोलले असं समजत होते. त्यातलं बरंचसं माझ्यासाठी होतं.

हे दिसल्यावर निर्णय आपोआप झाला असं नाही. पण त्यानंतर तो दादाचा, डॉक्टरांचा किंवा मैत्रिणीचा राहिला नाही. मी दादाला सांगितलं की बाबांनी पुन्हा विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. आमचं जोरात भांडण झालं. तो दोन दिवस घरी आला नाही.

बाबांनी विचारलं ते एका सकाळी, दाढी करताना. खिडकीच्या कठड्यावर छोटा आरसा टेकवून ते उभ्यानेच दाढी करायचे. अर्ध्या चेहऱ्यावर फेस होता. आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाले, "अल्सरला इतके दिवस लागतात?" मी सांगितलं. रोगाचं नाव घेऊन सांगितलं. मला त्या दिवशी भीती वाटली होती म्हणून मी अल्सर म्हणाले, हेही सांगितलं. ते काही बोलले नाहीत. वस्तरा पाण्यात खळबळला आणि उरलेल्या अर्ध्या चेहऱ्याची दाढी पुरी केली.

पुढचे दोन दिवस ते माझ्याशी जवळजवळ बोलले नाहीत. चहा ठेव, पंखा लाव, एवढंच. कितीदा वाटलं जाऊन म्हणावं, "पण बरं होईल बाबा, नवी औषधं आलीत." जीभ चावून गप्प राहिले. त्यांच्या आसपास राहिले. भाजी निवडायला त्यांच्याच खोलीत बसायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी हाक मारली. पोस्टात बत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस. म्हणाले, "वही घे. पासबुकं कुठल्या डब्यात आहेत, कुठल्या खात्याला कुणाचं नाव लावलंय, ते लिहून घे. आणि दादाला फोन कर, तोही बसू दे."